सेवेचा हिशेब वेगळा, वाणीचा वेगळा

मार्च २०२४ मध्ये भंडारा जिल्ह्यातील मोहाडी येथे बागेश्वर धामचे पीठाधीश्वर पं. धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांची कथा झाली. कथेला लोटलेला जनसागर पाहून कोणाही हिंदूला आनंदच व्हावा. परंतु त्याच व्यासपीठावरून महानत्यागी बाबा जुमदेवजी यांच्याविषयी अनुदार उद्गार निघाले आणि कथेचे पुण्य बाजूला राहून केवळ वाद मागे उरला. परमात्मा एक मार्गाचे सेवक संतापून रस्त्यावर उतरले. पोलिसांत तक्रार गेली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी सोयरिकी, बाजारहाट आणि उपासनेचे पंथ काही वेगळे झाले नाहीत. त्यामुळे मोहाडीतील शब्दाची जखम तिरोडा, गोरेगाव, आमगावकडील सेवकांच्या घरांतही तेवढीच खोल आहे.

बाबा जुमदेवजी (१९२१-१९९६) हे नागपूरच्या सामान्य कुटुंबातले गृहस्थ. एका परमेश्वराची भक्ती आणि सत्य, मर्यादा, प्रेम हे तीन शब्द एवढीच शिदोरी घेऊन ते पूर्व विदर्भात फिरले. दारू, जुगार, सट्टा सोडल्याशिवाय त्यांच्या मार्गात प्रवेश नाही. धानाच्या हंगामाचा पैसा गुत्त्यात ओतणारा कष्टकरी या मार्गात आला आणि त्याच्या घरची चूल नियमित पेटू लागली, असे अनुभव या भागातील गावागावांत ऐकायला मिळतात. हे समाजकार्य नव्हे काय? ही धर्मसेवा नव्हे काय?

वाद उफाळताच बागेश्वर धामच्या भक्तांकडून एक युक्तिवाद पुढे येतो : ‘महाराजांचे कार्य पाहा, एखाद्या वाक्याचे काय घेऊन बसलात?’ कार्य मोठे आहे, यात शंका नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बागेश्वर धाम येथे कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्याच महिन्यात महाशिवरात्रीला २५१ गरीब कन्यांचे विवाह लागले आणि त्या सोहळ्याला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. जातिभेद मिटावेत म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराजांनी ओरछापर्यंत पदयात्रा काढली. या साऱ्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे.

परंतु सेवा म्हणजे पेढीवरची ठेव नव्हे, की हवा तेव्हा तिच्यावर अपशब्दांची उचल घ्यावी. रुग्णालय उभे राहते ते रुग्णासाठी. संस्थापकाच्या वाणीला अभय मिळावे म्हणून नव्हे. ज्या दिवशी सेवेच्या बदल्यात मौन मागितले जाते, त्या दिवशी सेवा उरत नाही, सौदा होतो.

हा निकष हिंदू समाजाला नवा नाही. जुन्या मध्य प्रदेशात नागपूर राजधानी होती आणि आजचा गोंदिया परिसर त्याच राज्यात होता. १९५४ मध्ये तेथील शासनाने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम ही सेवा मतांतराचे साधन कशी बनते, याची नोंद समितीच्या १९५६ च्या अहवालात आहे. दवाखाना चालविला म्हणून परक्याच्या श्रद्धेची निंदा क्षम्य ठरत नाही, हे मिशनऱ्यांना ठणकावून सांगण्यात हिंदुत्वनिष्ठ कार्यकर्त्यांच्या पिढ्या खपल्या. मग तीच तराजू आपल्या महाराजांपुढे येताच काटा का हलावा?

एखादा शब्द ओघात निसटतो, हे मान्य. पण जानेवारी २०२३ मध्ये जगद्गुरू तुकोबांच्या संसाराविषयीच्या विधानाने अवघा वारकरी संप्रदाय दुखावला. महाराजांना शब्द मागे घ्यावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये शिर्डीच्या साईबाबांविषयीच्या विधानानंतर खेद व्यक्त करावा लागला. त्यानंतर मोहाडी. तुकोबांच्या बाबतीत शब्द मागे घेण्याचा मोठेपणा ज्यांनी दाखविला, त्यांना पुढचा शब्द तोलून उच्चारणे अवघड का व्हावे? क्षमायाचनेचे मोल पुढील संयमाने ठरते.

काही जण म्हणतील, संत परखडच असतात. असतात! गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालविली आणि कीर्तनातून समाजाला आसूड ओढले. पण ते आसूड दारूवर, पशुबळीवर, कर्ज काढून केलेल्या सणांवर होते. दुसऱ्याच्या गुरूची टर उडवून त्यांनी टाळ्या मिळविल्या नाहीत. दोषावर प्रहार करणे ही परखडता. श्रद्धास्थानावर प्रहार करणे हा उद्धटपणा. श्रोत्याला हा भेद कळतो, वक्त्यालाही कळला पाहिजे.

‘घरचे भांडण चव्हाट्यावर आणले तर हिंदुद्वेष्ट्यांचे फावेल’ ही भीतीही बोलून दाखविली जाते. त्यांचे फावते ते अपशब्दांनी आणि त्यावरील मौनाने. हिंदू साधूंना सोयीस्कर लक्ष्य करणारी मंडळी आहेत, त्यांचा समाचार घेतलाच पाहिजे. परंतु परमात्मा एक मार्गाचा सेवक हा विरोधक नव्हे. तो घरचाच माणूस आहे. १९६९ मध्ये उडुपी येथे विश्व हिंदू परिषदेच्या व्यासपीठावर धर्माचार्यांनी सारे हिंदू सहोदर असल्याची ग्वाही दिली. सहोदराच्या गुरूचा अवमान होत असताना गप्प बसणारा कार्यकर्ता उद्या त्याच्या दारी समरसतेची पत्रिका घेऊन कोणत्या तोंडाने जाणार?

म्हणून पुढील कथेचे निमंत्रण देणाऱ्या संयोजकांनी मंडपाची आणि भोजनाची जितकी काळजी वाहावी, तितकीच व्यासपीठाच्या मर्यादेचीही वाहावी. या भूमीत कोणकोणते संत झाले, कोणाच्या घरी कोणाची तसबीर आहे, हे वक्त्याला आधी सांगावे. चूक झालीच तर प्रथम त्यांच्याच कार्यकर्त्यांनी नम्रपणे, पण स्पष्टपणे ती निदर्शनास आणावी. गुरूला सत्य सांगणे हा गुरुद्रोह नव्हे.

बागेश्वर धामचे रुग्णालय पूर्णत्वास जावो, हीच प्रत्येक हिंदूची प्रार्थना असेल. मात्र तेथे उपचारासाठी जाणाऱ्या गोंदियाच्या एखाद्या सेवकाच्या खिशात बाबा जुमदेवजींची तसबीर असेल. ती त्याला लपवावी लागू नये, एवढी मर्यादा त्या वास्तूच्या पायातच घातली गेली पाहिजे.