मल्हार हें नांव कोणाचें?

मुलांचीं नांवें ठेवणें ही वरवर पाहतां अगदीं घरगुती बाब आहे. आत्या बाळाच्या कानांत जें कुजबुजेल तें नांव; त्यांत बाहेरच्यानें तोंड घालण्याचें कारण नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. एरवीं आम्हांसही तसेंच वाटतें. परंतु एखादें नांव जेव्हां घराघरांतून ऐकूं येऊं लागतें, आणि त्याचा अर्थ म्हणून जी गोष्ट सांगितली जाते ती जेव्हां त्या नांवाच्या खऱ्या जन्मकथेवर पडदा टाकते, तेव्हां ती बाब घरगुती राहत नाहीं; ती भाषेची आणि समाजाची होते. 'मल्हार' ह्या नांवाचें हल्लीं असेंच झालें आहे.

नांवांच्या छापील याद्या आज पुस्तकांच्या कोणत्याही दुकानांत मिळतात. त्यांत मल्हार ह्या नांवापुढें बहुधा एकच अर्थ दिलेला असतो, तो म्हणजे वर्षाऋतूंत गावयाचा एक राग. शहरांतील सुशिक्षित आईबापांस हा अर्थ फार आवडतो. नांव कानाला गोड, लिहावयास सोपें, मराठीही आणि संगीताच्या दरबारांतलेंही. आणखी काय हवें? बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर ढग आणि तंबोरा काढला कीं अर्थाचें काम संपलें. ह्या सर्व खटाटोपांत जेजुरी नाहीं, भंडारा नाहीं, दिवटी-बुधली नाहीं, वाघ्या नाहीं आणि धनगरही नाहीं. ज्या देवाचें हें नांव, तोच नेमका बारशास बोलावलेला नाहीं! आमचा आक्षेप आहे तो ह्या विसराळूपणावर. आणि हा विसराळूपणा सर्वस्वीं अजाणतेपणीं झालेला नाहीं, असा आमचा आरोप आहे.

प्रथम पुरावा पाहूं. बारामती तालुक्यांत नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळें बुद्रुक हें गांव आहे. त्याच टापूंत होळ आहे, आणि नीरेकाठच्या होळचे म्हणूनच होळकर हें आडनांव पडलें. सोमवती अमावास्येस जेजुरीच्या देवाची पालखी ज्या कऱ्हेवर स्नानास जाते, ती कऱ्हा मोरगांव आणि बारामती करीत सोनगांवापाशीं नीरेस मिळते. ह्या दोन नद्यांच्या मुलखांत मल्हार हें नांव कोणा गवयानें आणलेलें नाहीं. होळकरांचीच वंशावळ घ्या. इंदूरच्या राज्याचे संस्थापक मल्हारराव (१६९३-१७६६) ह्यांच्या वडिलांचें नांव खंडुजी. मल्हाररावांच्या मुलाचें नांव खंडेराव. हा १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडला. त्या खंडेरावाचा व अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव. पुढें त्याच गादीवर पुन्हा एक मल्हारराव, एक मार्तंडराव आणि एक खंडेराव बसले. पिढ्या बदलल्या, देव बदलला नाहीं.

बडोद्याकडे वळलें तरी तेंच. गायकवाड मूळचे पुणें जिल्ह्यांतील दावडीचे, म्हणजे निमगांवच्या खंडोबाच्या छायेंतले. १८७० सालीं खंडेराव महाराज वारले आणि गादीवर आले ते त्यांचे भाऊ मल्हारराव. एका आईबापांच्या मुलांत एक खंडेराव आणि एक मल्हारराव असावा, हा काय रागदारीचा प्रताप म्हणावयाचा? सातारच्या छत्रपतींच्या पदरचे बखरकार मल्हार रामराव चिटणीस मराठी वाचकांस परिचित आहेतच. पुरंदर तालुक्यांत सोनोरीजवळ पानशांनीं १७६० च्या सुमारास किल्ला पुरा केला, त्याचें नांव मल्हारगड. धनगर, मराठा, प्रभु, ब्राह्मण अशा सर्व घरांत ह्या नांवाची प्रतिष्ठा होती. घोडदळांतल्या सरदारापासून दफ्तरांतल्या चिटणीसापर्यंत, आणि माणसापासून किल्ल्यापर्यंत जें नांव पोंचलें, तें मेघ दाटून यावेत म्हणून ठेवलेलें नव्हतें.

रागाचा आम्हांस द्वेष नाहीं. तानसेनाच्या नांवावर सांगितला जाणारा मियां की मल्हार, गौड मल्हार, मेघ मल्हार हीं हिंदुस्थानी संगीताचीं अमोल लेणीं आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९७९ पासून विद्यार्थ्यांचा जो उत्सव ऐन पावसाळ्यांत भरतो, त्यासही मल्हार म्हणतात. तें नांव तेथें शोभतें. कोणी म्हणेल, केदार, भैरवी, आसावरी हीं नांवें रागांचींच ना? मग मल्हारवरच तुमचा डोळा कां? ह्यास आमचें उत्तर असें. केदार हा गवयांच्या आधीं हिमालयांतला शिव आहे आणि भैरवी ही आधीं देवी आहे. तीं नांवें ठेवणाऱ्यास कोणी देव विसरावयास सांगत नाहीं. आसावरी ह्या नांवांत रागिणीच्या पाठीमागें दडवावें असें कोणी उभें नाहीं. मल्हारच्या पाठीमागें मात्र एक अख्खा समाज उभा आहे. ज्यांच्या घराण्याचा जेजुरीशीं कांहींच संबंध नाहीं अशा एखाद्या गानलुब्ध दांपत्यानें रागावरून मुलाचें नांव मल्हार ठेवलें, तर आम्ही त्यांचें अभिनंदनच करूं. परंतु ज्या घरांत लग्न होतांच नवें जोडपें जेजुरीस जाऊन येतें, नवरदेव नवरीस उचलून गडाच्या पायऱ्या चढतो, जागरण-गोंधळ घातल्यावांचून लग्न पुरें झालें असें मानीत नाहींत, त्याच घरांत दोन वर्षांनीं मुलाच्या नांवाचा अर्थ विचारला तर पाऊस सांगतात, ह्याला काय म्हणावें?

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. हे लोक देव मान्य करतात. पण तो संस्कृत मोजपट्टीनें मोजलेला. मणि आणि मल्ल हे दोन दैत्य मातले, शंकरानें मार्तंडभैरवाचें रूप घेऊन त्यांचा वध केला, म्हणून मल्लाचा अरि तो मल्लारि आणि त्याचा अपभ्रंश मल्हारी, अशी ही मल्लारिमाहात्म्यांतील परंपरा. ती परंपरा आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. परंतु संस्कृत संधि सोडविला म्हणजे शब्दाचा इतिहास सुटला, असें समजणें हा भ्रम आहे. कर्नाटकांत ह्याच देवास मैलार म्हणतात. मैलार ह्या नांवाचीं त्याचीं क्षेत्रेंही तेथें आहेत. तेलंगणांत तो मल्लन्ना होतो. जुन्या मराठींत मैराळ असें रूप सांपडतें, आणि तें मैलारमधील दोन अक्षरांची अदलाबदल होऊन बनलेलें आहे हें उघड दिसतें. एवढेंही पुरे नसेल, तर जेजुरीच्या गडावर भंडारा उधळतांना जो जयघोष होतो तोच ऐकावा. 'येळकोट' हा शब्द मराठी नव्हे आणि संस्कृतही नव्हे. कानडींत 'एळु' म्हणजे सात. सात कोटि असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात, आणि कर्नाटकांतील मैलाराचे भक्तही तोच घोष करतात. आमच्या कुलदैवताच्या पायाशीं उभें राहून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कानडी बोलत आलों आहों, आणि व्युत्पत्ति विचारली कीं मात्र काशीकडे बोट दाखवितों!

रा. चिं. ढेरे ह्यांनीं १९६१ सालीं 'खंडोबा' हा ग्रंथ लिहिला. जर्मनीहून आलेल्या गुंथर सोन्थायमर ह्यांनीं धनगरांच्या वाड्यांवर हिंडून त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. ह्या संशोधनानंतर मल्लारि हें रूप मैलारास संस्कृताचें उपरणें पांघरल्यामुळें बनलें असावें, हें मत बाजूस सारणें कठीण झालें आहे. आमच्या मतें मल्हारी हें रूप मल्लारीच्या अधिक जवळचें आहे, तर मल्हार हें मैलारच्या. दोन प्रवाह मराठींत येऊन मिसळले आहेत. ह्यांत कमीपणा कसला? कोऱ्हाळें बुद्रुक ह्या नांवांतील बुद्रुक हा शब्द फारसी 'बुजुर्ग' ह्याचें मराठी रूप आहे. बुद्रुक म्हणजे थोरलें आणि खुर्द म्हणजे धाकटें. म्हणून कोऱ्हाळ्याचे गांवकरी परके झाले नाहींत, कीं त्यांच्या शेतांतला ऊंस फारसी झाला नाहीं. ज्या देवाची एक बायको म्हाळसा वाण्याच्या घरची, दुसरी बाणाई धनगराच्या वाड्यावरची, आणि ज्याला मुसलमान भक्तांनीं मल्लूखान म्हटलें, त्याच्या नांवास एकाच भाषेच्या सोंवळ्यांत बसविणें हा त्या देवाच्या स्वभावाशींच द्रोह आहे.

येथपर्यंत वाद शब्दांचा झाला. पण आमचें खरें दुःख पुढेंच आहे. समजा, कोऱ्हाळ्यासारख्या गांवांत एक आजोबा आहेत, त्यांचें नांव खंडू; आणि शहरांत त्यांचा नातू आहे, त्याचें नांव मल्हार. दोन्ही नांवें एकाच देवाचीं. तरी नातवाचें नांव ऐकून लोक किती सुंदर म्हणतात, आणि आजोबांचें नांव ऐकून ओठांत हंसतात. खंडू म्हटला कीं नाटकांतला गडी, सिनेमांतला गाडीवान, गोष्टींतला भोळा नोकर. म्हाळू, बाणू, बिरू ह्या नांवांची तीच कथा. हा फरक देवानें केलेला नाहीं, व्याकरणानेंही नाहीं. तो केला आहे आमच्या पांढरपेशा लेखणीनें. धनगराचा, शेतकऱ्याचा, रामोशाचा देव आम्हांस हवा. त्याच्या नांवांतलें जें रूप आमच्या दिवाणखान्यांत शोभेल तें हवें. पण ज्यांनीं तें नांव मेंढरांमागें हिंडत, दुष्काळांत आणि लढाईंत जपलें, त्यांच्या तोंडचें रूप मात्र नको. रागाचा अर्थ पुढें करण्यांतली खरी सोय ही आहे. नांव ठेवतां येतें, आणि नांव ज्यांच्याकडून घेतलें त्यांची ओळख ठेवावी लागत नाहीं.

दूरचित्रवाणीवर २०१४ ते २०१७ ह्या काळांत 'जय मल्हार' ही मालिका चालली, आणि देव घरोघर पोंचला. आतां तरी अर्थ उघड झाला असेल अशी आमची अपेक्षा होती. तीही फोल ठरली! लोकांनीं नांव आणखी आवडीनें घेतलें. अर्थाची यादी होती तीच राहिली.

आमच्यावर उलट आरोप येईल कीं, तुम्हांस जुनें तें सर्व सोनें वाटतें. तसें मुळींच नाहीं. जेजुरीस मुली वाहून त्यांस मुरळी करण्याची चाल दुष्ट होती. मुंबई सरकारनें १९३४ सालीं देवदासींसंबंधीं कायदा केला तो योग्यच होता. मूल जगावें म्हणून धोंडू, दगडू अशीं नांवें ठेवीत, तें बालमृत्यूच्या भयानें. तें भय पुष्कळ ओसरलें आहे आणि त्याबरोबर तीं नांवें मागें पडलीं तर शोक करण्याचें कारण नाहीं. उद्यां सर्वांनीं मुलांस खंडूच म्हणावें, असाही आमचा आग्रह नाहीं. नांवें बदलतात, बदलावींत. पण बदलतांना ज्याचें ऋण आहे त्याला निदान ओळख द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

आणि ओळख दिली, तर ह्या जुन्या देवापाशीं नव्या काळालाही शोभेल असें पुष्कळ आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नांवामागून आईचें नांव लिहिणें महाराष्ट्र सरकारनें आवश्यक केलें आहे. ह्यावर कित्येकांनीं नाकें मुरडलीं. त्यांनीं जेजुरीच्या देवाचें दुसरें नांव आठवावें. तो म्हाळसाकांत आहे. बायकोच्या नांवानें ओळखला जाण्यांत त्या तलवारबहाद्दराला कधीं उणेपणा वाटला नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं मल्हार आहे अशा आईबापांस आमची एकच विनंती आहे. मुलगा मोठा होऊन नांवाचा अर्थ विचारील, तेव्हां त्याला राग अवश्य ऐकवा. पण आधीं नीरेच्या आणि कऱ्हेच्या काठचे धनगर दाखवा, मैलाराचें कानडी गांव सांगा, आणि खंडू, म्हाळू, मल्हारी हीं त्याच्याच नांवाचीं सख्खीं भावंडें आहेत हें शिकवा. ज्या मुलाला हें ठाऊक असेल तो वर्गांतल्या खंडूस हंसणार नाहीं. तेवढें साधलें, तर नांव ठेवल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. तें साधावयाचें नसेल, तर मुलाला खुशाल पर्जन्य म्हणावें; मल्हार हें नांव ज्यांचें आहे, त्यांच्यापाशीं तें सुखरूप राहील.