विश्लेषण : लष्कराला नको होते, तरी रणगाड्यांना पैसे का मिळाले?

लष्करप्रमुख म्हणतात ‘रणगाड्यांवर सध्या खर्च नको’ आणि लोकप्रतिनिधी म्हणतात ‘कराच’. २०१२ मध्ये अमेरिकेत हे खरोखर घडले. तेथील संरक्षण खर्च कसा ठरतो, हे या एका प्रकरणातून बरेचसे कळते.

नेमके काय झाले?

एम-१ अ‍ॅब्रम्स रणगाड्यांचे सरासरी वय जेमतेम अडीच वर्षे आहे, त्यामुळे त्यांच्या अद्ययावतीकरणाचे काम काही काळ थांबवता येईल, असे लष्करप्रमुख जनरल रे ओडिएर्नो यांनी काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला सांगितले. तीन वर्षांत सुमारे ३ अब्ज डॉलर वाचतील, असा लष्कराचा हिशेब होता. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दोन हजारांवर रणगाडे विनावापर उभे होते. तरीही प्रतिनिधीगृहाच्या १७३ सदस्यांनी काम सुरू ठेवण्यासाठी संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांना पत्र लिहिले. दोन वर्षांत मिळून जवळपास अर्धा अब्ज डॉलर मंजूरही झाले.

मग हवे कोणाला होते?

हे रणगाडे ओहायो राज्यातील लिमा या छोट्या शहरात तयार होतात. कारखाना सरकारी, चालवते जनरल डायनॅमिक्स ही कंपनी. सुटे भाग पुरवणारे अनेक राज्यांत पसरलेले. शिवाय २०१२ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष आणि ओहायो हे निकाल फिरवू शकणारे राज्य. रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन आणि डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राऊन या प्रश्नावर एकाच बाजूला होते. लिमाचे प्रतिनिधी जिम जॉर्डन तर सरकारी खर्चकपातीचे कट्टर पुरस्कर्ते. आपल्या मतदारसंघातील कारखान्यापाशी मात्र त्यांची कात्री थांबली!

कंपन्यांनाही हे गणित पक्के ठाऊक आहे. एफ-३५ विमानाचे पुरवठादार ४५हून अधिक राज्यांत आहेत. प्रकल्पाला हात लावायचा, तर बहुतेक सिनेटरांच्या घरचे रोजगार धोक्यात येतात.

दुसरी बाजू काय?

कारखाना बंद पडला की कुशल वेल्डर पांगतात आणि पुन्हा गोळा होत नाहीत, हा लिमाचा युक्तिवाद पोकळ नव्हता. युक्रेन युद्धाने त्याला वजन आले. पण त्याच युद्धाने आणखी एक गोष्ट उघड केली : युद्धापूर्वी अमेरिकेत १५५ मिमी तोफगोळे महिन्याला फक्त सुमारे १४ हजार बनत होते. विमान आणि रणगाड्यामागे जसे आमदार-खासदार उभे राहतात, तसे तोफगोळ्यामागे राहत नाहीत, असेच म्हणावे लागते.

लष्करी तळांबाबत हा पेच सोडवण्याचा एक प्रयत्न १९८८ पासून झाला. स्वतंत्र आयोगाने बंद करावयाच्या तळांची यादी करायची आणि काँग्रेसने ती संपूर्ण स्वीकारायची किंवा संपूर्ण फेटाळायची. सुट्या तळासाठी घासाघीस नाही. अशा पाच फेऱ्यांत अनेक तळ बंद झाले. शेवटची फेरी २००५ची. आपल्याकडील सुमारे १९ टक्के पायाभूत सुविधा जादा असल्याचे पेंटागॉनने २०१७ मध्ये कळवले आणि नवी फेरी मागितली. काँग्रेसने ती दिली नाही. उलट २०२३च्या संरक्षण विधेयकात अध्यक्षांनी मागितले त्याहून ४५ अब्ज डॉलर जास्त मंजूर केले.