खेळ अडला कोठें, चुकला कोठें?

गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनांत मांडलेला एक व्हिडिओ गेम आपणांपैकीं पुष्कळांनीं खेळून पाहिला असेल. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर उभा असलेला धनुर्धर चालून येणाऱ्या शत्रूंवर बाण सोडतो, एवढाच तो खेळ. नववींतील एका विद्यार्थ्यानें तो प्लेस्टेशन पोर्टेबल या जुन्या, हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं स्वतः रचला होता. हें यंत्र २००४ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आलें. आतां त्याचें उत्पादन बंद झालें आहे, तरी हौशी मंडळी त्यासाठीं घरबसल्या खेळ रचीत असतात. स्क्रिप्ट लुआ या भाषेंत होती. ही भाषा १९९३ सालीं ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें जन्मास आली. पोर्तुगीज भाषेंत लुआ म्हणजे चंद्र.

खेळ सुरेख होता, परंतु तो मध्येंच बंद पडे. पडदा थिजे आणि थोड्या वेळानें यंत्रच विझून जाई. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं मुलगा रडकुंडीस आला, तेव्हां मीं त्यास सांगितलें कीं, प्रत्येक प्रेक्षकानंतर खेळ पुनः पहिल्यापासून सुरू कर, म्हणजे कोणास कांहीं कळणार नाहीं. त्यानें तसें केलें. खेळास बक्षीस मिळालें. तो सल्ला शिक्षकास शोभणारा नव्हता, हें मी येथें कबूल करितों.

दोष सांपडला तो सुटींत, व तोहि माझ्या मदतीनें नव्हे. मुलाचे आजोबा चादरीच्या मागावर आयुष्य घालविलेले. नातवाची धडपड पाहून त्यांनीं एकच प्रश्न केला, "का रे, दरखेपेला एकाच जागीं अडतंय, का कुठंबी?"

सोलापुरांतील पालकांस या प्रश्नाचें मर्म सांगावयास नको. मुलांसाठीं थोडें सांगतों. जेकार्डच्या मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकें पाडून लिहिलेली असते. भोंक असेल तेथें उभा धागा उचलला जातो, नसेल तेथें खालींच राहतो. एखादें भोंक चुकलें तर तीच खोड प्रत्येक आवृत्तींत त्याच जागीं उमटते. उभा धागा तुटला तर लांबवर सरळ रेघ पडते. आडवा तुटला तर एकाच ठिकाणीं खोट दिसते. म्हणजे खोड कशी फिरते हें पाहूनच जाणता विणकर तिचें मूळ ओळखतो. आणि जेथें ती दिसते तेथें तें असतेंच असें नाहीं. जाकार यानें फ्रान्समधील लिओं शहरीं १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्ध केली, व पुढें बॅबेज यानें आपल्या गणितयंत्रासाठीं हींच कार्डें योजिलीं. तेव्हां आजोबांचा प्रश्न परक्या विद्येंतला नव्हता.

मुलानें वही घेतली व खेळ कितव्या मिनिटास पडतो, तें टिपूं लागला. वेळ दरवेळीं निराळी. दोष दाखविणारी ओळहि निराळी. ज्या ओळीस तो अपराधी समजत होता ती त्यानें तीनदां नव्यानें लिहिली होती, आणि ती बिचारी निर्दोष होती! परंतु वहींत एक गोष्ट दिसली. धाकटी बहीण रमतगमत खेळे तेव्हां खेळ तासभर चाले. तो स्वतः भराभर बटण दाबी तेव्हां लवकर पडे. मग त्यानें पडद्याच्या कोपऱ्यांत बाणांची संख्या छापून पाहिली. डोळ्यांस तीन बाण दिसत होते आणि आंकडा चारशेंवर जाऊन वाढतच होता.

पडद्याबाहेर गेलेला बाण यादींतून काढावयाचाच राहिला होता, आणि प्रत्येक बाणासाठीं चित्र नव्यानें उघडलें जात होतें. ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचें चित्र, प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट, म्हणजे १६ किलोबाइट. पहिल्या नमुन्याच्या यंत्राची मेमरी ३२ मेगाबाइट, त्यांतील ८ यंत्राच्या स्वतःच्या कामासाठीं राखलेली. उरलेली सर्व जागा बाणांस दिली तरी १५३६ बाणांत ती भरते. प्रत्यक्षांत कितीतरी आधीं. मग जी ओळ शेवटीं जागा मागेल तिच्यावर आळ येतो. दुरुस्ती दोन ओळींची होती.

कांहीं विद्यार्थी दोषाचा संदेशच गिळून टाकणारी आज्ञा स्क्रिप्टेंत घालतात. संदेश नाहींसा होतो, मेमरी मात्र भरतच राहते. माझ्या सल्ल्याची जात हीच होती.

म्हणून माझें मत असें कीं, पुढील प्रदर्शनांत खेळाबरोबर दोषवहीहि मांडावी व निम्मे गुण तिला द्यावे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क टू या गणकयंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला, तो तेथील मंडळींनीं नोंदवहींत चिकटवून ठेविला. फेंकून दिला नाहीं. (बग हा शब्द मात्र त्याहून जुना, एडिसन तो १८७८ सालीं वापरीत असे.) आमचे एक सहकारी म्हणतात, अशानें मुलें खोटे दोष रचतील. रचोत बापडीं! परीक्षकानें "हा दोष पुनः घडवून दाखव" म्हटलें कीं खोटेपणा उघडा पडेल. आणि खरोखरीच घडवून दाखविला, तर त्या मुलास यंत्र कळलें म्हणावयाचें.

पालकांस एक विनंति. घरीं मूल यंत्रापुढें बसलेलें दिसलें कीं आपण "झालं का?" असें विचारतां. त्याऐवजीं आजोबांचा प्रश्न विचारून पाहावा. त्यासाठीं संगणकाचें ज्ञान लागत नाहीं.

त्या विद्यार्थ्याचा नवा खेळ सध्यां दुसऱ्या दरवाजापाशीं अडतो, व तोहि दरखेपेस एकाच जागीं. वहीचीं अकरा पानें भरलीं आहेत.