हिरवी वायर जाते कुठे?

मंडळी, घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू कुठली म्हणाल, तर अर्थिंगची हिरवी वायर. ती तुटली तरी टीव्ही चालतो, गिझर तापतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा असा एरर हँडलर आहे, की तो नसला तरी प्रोग्राम मजेत चालतो... पहिला एरर येईपर्यंत!

खड्डा, कोळसा, मीठ, पाइप, की झालं अर्थिंग, ही आपली समजूत. पण जमीन काय सगळीकडे सारखी असते? साताऱ्याच्या डोंगरउतारावर थोडा मुरूम आणि खाली काळा पाषाण. सांगलीकडे कृष्णाकाठची काळी माती. पावसाळ्यात झकास, पण मे महिन्यात भेगाळते आणि पाइपाची पकड सोडते. म्हणून तर उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालतात.

आता साधं गणित. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम आहे आणि गिझरच्या पत्र्यात फेज उतरला. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही! पत्रा तसाच जिवंत. म्हणून ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी हवीच. आणि हो, तिचं टेस्ट बटण फक्त तिला तपासतं, खड्ड्याला नाही.

दुसरी गोष्ट बाँडिंगची. बाथरूममधले धातूचे पाइप आणि गिझरचा पत्रा तांब्याच्या वायरने एकमेकांना आणि अर्थला जोडायचे, म्हणजे एका हातात नळ आणि दुसरा हात गिझरला लागला तरी दोन्हीत फरक राहत नाही. तारेवरची चिमणी सुखरूप असते ती याच कारणानं. जुन्या घरांत लोखंडी नळालाच अर्थ मानलं जाई. नंतर मधला पाइप प्लास्टिकचा झाला, की ती वायर कुठेच जात नाही. काहीजण तर सॉकेटच्या अर्थ पिनला न्यूट्रल जोडून मोकळे होतात. बाहेर न्यूट्रल तुटला, की फ्रिजचा दरवाजासुद्धा शॉक देणार.

नियम नाहीत असं नाही. अर्थिंगचं भारतीय मानक, आयएस ३०४३, २०१८ साली सुधारलंही गेलं. पण घर घेताना आपण टाइल्सचा ब्रँड विचारतो, ओहम विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच: ताबा घेताना अर्थचा रोध मोजून आकडा लेखी मागा. आणि मोजणी ऑगस्टमध्ये नको, मे महिन्यात करा.

बघा, पटतंय का.