अर्धी वाचलेली बातमी आणि अर्ध्या सरावाची शर्यत

२ जुलै २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक निवेदन प्रसिद्ध केले. तरुणांच्या अचानक होणाऱ्या मृत्यूंचा कोविड लसीशी संबंध आढळलेला नाही, हा त्याचा गाभा. त्यामागे प्रामुख्याने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता. १९ राज्यांतील ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातील, वरवर निरोगी असताना अचानक दगावलेल्या ७२९ व्यक्तींची माहिती घेण्यात आली आणि ती २,९१६ जिवंत व्यक्तींच्या माहितीशी ताडून पाहण्यात आली. लस निर्दोष ठरली, मथळे छापले गेले आणि बातमी तेथेच मिटली.

तिचा उरलेला अर्धा भाग मात्र फारसा कोणी वाचला नाही. मृत्यूची शक्यता कशाने वाढलेली दिसली, तेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे. पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास असणे, अखेरच्या ४८ तासांतील अतिमद्यपान आणि त्याच ४८ तासांत केलेले जोरदार शारीरिक श्रम हे त्यांतील ठळक घटक. अशा श्रमांनी मृत्यूची शक्यता सुमारे ३.७ पट वाढलेली आढळली. श्रम करणाऱ्याला त्या श्रमांची सवय होती की नव्हती, हे मात्र या एका आकड्यातून कळत नाही. खरा प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तर विज्ञानाकडे तीस वर्षांपासून आहे.

१९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोरदार श्रमांनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका किती वाढतो, हे त्यात मोजले होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो २.४ पट वाढला. आठवड्यातून एकदाही धड व्यायाम न करणाऱ्यांत तो १०७ पट वाढला. श्रम तेच, तासही तोच. फरक केवळ सवयीचा. २००६ साली ‘सर्क्युलेशन’मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या ६० हौशी धावपटूंचा अभ्यास आला. आठवड्याला ५६ किलोमीटरांहून कमी सराव केलेल्यांच्या हृदयावर शर्यतीनंतर ताणाच्या खुणा स्पष्ट दिसल्या. ७२ किलोमीटरांहून अधिक सराव केलेल्यांत त्या बऱ्याच कमी होत्या. मनाचा निर्धार या मोजणीत कोठेच येत नाही.

आता हे आकडे रायपूरच्या समता कॉलोनीत आणून पाहावेत. शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे आणि या परिसरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा वस्तीतून पहाटे दोन तऱ्हेची माणसे धावायला बाहेर पडतात. एक, चाळिशी ओलांडलेला नोकरदार गृहस्थ. मित्रांच्या आग्रहाखातर त्याने २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनचे शुल्क भरलेले असते आणि हाती तीन आठवडे उरलेले असतात. दुसरा, भाड्याच्या खोलीत राहून भरतीची तयारी करणारा तरुण. लेखी परीक्षेच्या अभ्यासात त्याचे वर्ष सरलेले असते आणि मैदानी चाचणीची तारीख अचानक येऊन ठेपलेली असते. पहिल्याला माघार घेता येते. दुसऱ्याला ती परवडत नाही.

दुसऱ्याचे काय होते, ते शेजारच्या झारखंडने दाखवून दिले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे उत्पादन शुल्क शिपाई भरतीची चाचणी झाली. पुरुष उमेदवारांनी ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचे होते. त्या भरतीत १२ उमेदवार दगावले. सहा मिनिटांना एक किलोमीटर ही गती सरावलेल्या तरुणाला फारशी जड नाही. बेकारीत बसून वाचन केलेल्या, पहाटेपासून रांगेत ताटकळलेल्या आणि भाद्रपदाच्या दमट उकाड्यात उभ्या असलेल्या तरुणाला मात्र ती जीवघेणी ठरू शकते. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते, असा दावा कोणी करू नये. पण त्या वेळी राजकीय व्यासपीठांवरून संशयाचे बोट दाखवले गेले ते लसीकडे. धावण्याचे अंतर, चाचणीचा मोसम आणि तयारीसाठी दिलेली मुदत यांचा हिशेब मागण्यापेक्षा ते सोयीचे होते. महाराष्ट्रालाही फुशारकी मारता येणार नाही. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे बळी गेले आणि त्यानंतरच ते अंतर ३ किलोमीटरांवर आले. माणसे मेल्यावर अंतर कमी करणे ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. अशा लिखाणाने लोक घाबरतील, धावणेच सोडतील. आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तरही आकड्यांतच आहे. अमेरिकेत २०१० ते २०२३ या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या २ कोटी ९० लाखांहून अधिक धावकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हृदय बंद पडण्याच्या घटना १७६ निघाल्या, म्हणजे लाखामागे एकाहूनही कमी. धावणे घातक नाही. नियमित धावणे हृदयाचे रक्षणच करते. १९९३ च्या अभ्यासातील २.४ हा आकडा त्याचीच ग्वाही देतो. धोका आहे तो सवय नसलेल्या देहाने एका सकाळी मोठे अंतर कापण्यात. त्यामुळे ‘धावू नका’ हा सल्ला चुकीचा आणि ‘मनात आणले की काहीही शक्य आहे’ हे घोषवाक्य त्याहून चुकीचे. रक्ताचे आकारमान काही दिवसांत वाढते. उष्णतेशी जुळवून घ्यायला देहाला दहा ते चौदा दिवस लागतात. हृदय आणि स्नायू घडायला आठवडे लागतात, आणि स्नायुबंध बळकट व्हायला त्याहूनही अधिक. हे वेळापत्रक कोणत्याही भाषणाने आखडत नाही.

अमेरिकेच्या त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. हृदय बंद पडण्याचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले, पण त्यातून होणारे मृत्यू निम्म्यावर आले. छातीवर तत्काळ दाब देणारी माणसे आणि विजेचा धक्का देणारी यंत्रे वाटेवर उपलब्ध असणे, हे त्याचे मोठे कारण मानले जाते. म्हणजे मृत्यू ‘विधिलिखित’ नव्हते. व्यवस्थेने ते टाळता आले.

म्हणूनच या वादातला खरा प्रतिवादी धावणारा नव्हे, तर अंतर ठरवणारा आहे. शर्यतीच्या नावनोंदणीत शर्टाचे माप न चुकता विचारले जाते. गेल्या बारा आठवड्यांत किती धावलात, हे कितीसे आयोजक विचारतात? दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या ‘कॉम्रेड्‌स’ शर्यतीत आधी ठरावीक वेळेत मॅरेथॉन पूर्ण केल्याचा पुरावा दिल्याशिवाय धावता येत नाही, आणि तरीही ती शर्यत १९२१ पासून चालत आली आहे. अट घातल्याने शर्यत ओस पडत नाही. २१ किलोमीटरच्या प्रवेशासाठी आधी १० किलोमीटर पूर्ण केल्याची नोंद मागणे हे आयोजकांचे किमान कर्तव्य आहे. वाटेवर प्रशिक्षित माणसे, धक्का देणारी यंत्रे आणि उष्माघात झालेल्याला बुडवून गार करण्यासाठी बर्फाच्या पाण्याचे टब असलेच पाहिजेत. पदके त्यानंतर.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे, कारण हौशी धावक शुल्क भरून येतो आणि उमेदवार पोटासाठी येतो. मैदानी चाचणीची तारीख किमान सोळा आठवडे आधी जाहीर झाली पाहिजे. चाचणी हिवाळ्यातील सकाळीच घेतली पाहिजे. अंतर ठरवताना त्या नोकरीत खरोखर किती धावावे लागते, याचे लेखी उत्तर दिले पाहिजे. आणि चाचणीत कोणी दगावल्यास लशीची, नशिबाची वा ‘आजकालच्या पोरांची’ चर्चा सुरू होण्याआधी चाचणीची वेळ, त्या दिवसाचे तापमान आणि पूर्वसूचनेचे दिवस हे तीन आकडे जाहीर झाले पाहिजेत.

लशीवरचा संशय फिटला, ते बरेच झाले. पण समता कॉलोनीतल्या त्या भाड्याच्या खोलीतील तरुणाला त्याने काहीच मिळालेले नाही. त्याला हवे आहेत ते सोळा आठवडे, आणि ते देणे सरकारच्या हातात आहे.