दुसऱ्याच्या बालपणाची किल्ली

परवा आमचे इंदूरला जाणे झाले. बडा गणपतीच्या चौकालगत आमचे एक जुने स्नेही राहतात. ज्या मूर्तीवरून चौकाला नाव पडले, ती सुमारे 25 फूट उंचीची भव्य मूर्ती जवळच आहे. चौकात मात्र वाहनांची अखंड वर्दळ. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली, त्यांपैकीच हे एक. सायंकाळी आजोबा आपल्या लहानपणच्या विटीदांडूच्या गोष्टी रंगवून सांगत होते आणि नातू कोपऱ्यात मोबाइलवरील खेळात गढला होता. आजोबा त्याला रागावले. तो शांतपणे म्हणाला, “आजोबा, मी खेळेन विटीदांडू; पण कुठे खेळू, ते सांगा.” आजोबा खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिले. आम्हालाही उत्तर सुचले नाही.

त्या रात्री आम्हाला अर्नेस्ट क्लाइन या अमेरिकन लेखकाची ‘रेडी प्लेयर वन’ ही कादंबरी आठवली. ती 2011 साली प्रसिद्ध झाली. 2018 साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कथा 2045 च्या सुमाराची. इंधन सरत आले आहे, दारिद्र्य माजले आहे, गरीब माणसे एकावर एक रचलेल्या गाड्यांच्या खोक्यांत राहतात. या जगातून सुटका म्हणून ती डोळ्यांवर यंत्र चढवून ‘ओॲसिस’ नावाच्या आभासी खेळनगरीत दिवस कंठतात. कथेचा तरुण नायक शाळाही तेथेच शिकतो. त्या काळी हे नवल वाटले असेल. पुढे 2020 च्या महामारीत आपल्या मुलांची शाळाही पडद्यावरच भरली.

या नगरीचा निर्माता हॅलिडे मरताना आपली अफाट संपत्ती एका कोड्यामागे ठेवतो. त्याची किशोरवयाची वर्षे 1980 च्या दशकात गेलेली. त्या काळचे चित्रपट, गाणी आणि खेळ ज्याला पाठ, त्याच्याच हाती किल्ल्या पडणार! म्हणून साऱ्या जगातील तरुण एका मृत माणसाचे बालपण घोकत बसतात. हॅलिडेने मुलांना आठवणींचा वारसा दिला. पण ज्यात त्यांच्या स्वतःच्या आठवणी घडाव्यात, असे जग त्यांच्या वाट्याला आले नाही. वाचकहो, “आमच्या वेळी असे नव्हते” म्हणणारे आपण वडीलधारे त्याहून फारसे निराळे वागतो काय?

खेळांच्या व्यसनाचा धोका खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याची नोंद आहे. भारतातही 2025 साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. कायदा घरचा पैसा वाचवील. मुलाची रिकामी संध्याकाळ भरणे घरच्यांनाच करावे लागेल. कादंबरीच्या शेवटी नायक आपल्या मैत्रिणीशेजारी बसतो, तेव्हा त्याला प्रथमच त्या नगरीत परतावेसे वाटत नाही. शेजारी कोणी बसले होते, एवढेच त्याचे कारण.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, आजोबा गल्लीत उतरले. रात्री त्यांनी जुन्या काठीची विटी तासून ठेवली होती. त्यांनी ती कोलली. नातवाने झेल घेतला आणि आजोबा पहिल्याच डावात बाद झाले.

पहाटेची गल्ली रोज पुरणार नाही. आपल्या शाळेचे वा चर्चचे पटांगण सायंकाळी दोन तास मुलांसाठी उघडे राहू शकेल काय, याचा विचार वाचकांनी या आठवड्यात अवश्य करावा.