आठ काढता येतो का?

गेल्या जुलैत माझ्या चुलतभावाने टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर पावसात, मित्राची हॅचबॅक हँडब्रेक ओढून फिरवायचा प्रयत्न केला. गाडी फिरली. मग फिरतच राहिली, आणि कणसं भाजणाऱ्या एका मावशींच्या शेगडीपासून दोन हातांवर दगडाला धडकून थांबली. मावशी वाचल्या. बंपर गेला, रेडिएटर गेला, मित्रही गेला. मोबाइलवर शूट करणाऱ्या तिसऱ्याने मात्र सगळं नीट टिपलं होतं.

त्याच रात्री मळवलीत आमच्या घरी बैठक बसली आणि गुन्हेगार सापडला. मी.

कारण माझ्या खोलीत स्टीअरिंग आहे. सेकंडहँड लॉजिटेक जी29, तीन पेडल आणि भाजे गावातल्या सुताराकडून करून घेतलेलं प्लायवूडचं स्टँड. त्यावर मी 'असेटो कोर्सा' खेळतो. कुनोस नावाच्या इटालियन स्टुडिओने 2014 मध्ये आणलेला हा सिम्युलेटर आता म्हातारा झालाय, पण ड्रिफ्टिंग शिकणारे अजून त्यालाच चिकटून आहेत. "तुझ्या त्या गेमनंच पोराला नादी लावलं," काकी म्हणाल्या. वय अठ्ठावीस, इंजिनिअर, पगार बरा, तरी त्या रात्री मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आज उत्तर देतोय. काकींना, आणि ज्यांना ज्यांना काकींसारखं वाटतं त्या सगळ्यांना.

आधी वस्तुस्थिती. माझा भाऊ त्या स्टीअरिंगवर एकूण तीन वेळा बसला. दर वेळी दहा मिनिटांत गाडी पंधरा वेळा फिरली, तो वैतागला, "तुझ्या सेटिंगमध्येच काहीतरी लोचा आहे" म्हणाला आणि उठला. टायगर पॉइंटला त्याने जे केलं ते तो माझ्या खोलीत शिकला नव्हता. माझ्या खोलीत तो काहीच शिकला नव्हता, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

ड्रिफ्ट म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. वळणावर मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, गाडी तिरकी होऊ द्यायची, आणि तिरकी असतानाच तिला हव्या त्या दिशेने न्यायची. पकड सोडवणं हा सगळ्यात सोपा भाग. क्लच झटक्यात सोडा, हँडब्रेक ओढा, गाडीचं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फेका, काहीही चालतं. अवघड आहे ते पुढचं. गाडी डावीकडे वळताना शेपूट बाहेर गेली की स्टीअरिंग उजवीकडे द्यावं लागतं. ते ओढून द्यायचं नसतं, हातातून सरकू द्यायचं असतं, कारण पुढची चाकं आपली आपण जायच्या दिशेला वळू बघतात. नजर बॉनेटवर ठेवली तर संपलं. जिथे जायचंय तिथे बघावं लागतं. आणि अॅक्सिलरेटर! घाबरून पाय एकदम उचलला की मागच्या चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी उलट्या बाजूला फटकन फेकली जाते. म्हणजे जीव वाचवायला जे करावंसं वाटतं, तेच नेमकं चुकीचं असतं.

हे वाचून कळतं, पण हाताला कळायला वेळ लागतो. सिम्युलेटरमध्ये सुरुवात मोकळ्या मैदानावर होते. आधी एका जागी गोल गोल. मग मोठा गोल. पहिल्या दोन आठवड्यांत गाडी किती वेळा माझ्या हातातून सुटून गरकन फिरली, हे मी मोजलं. मोजणं हा माझा पेशाच आहे. 412 वेळा. प्रत्येक वेळी एक बटण दाबलं आणि पुन्हा सुरुवात केली. कुणाची शेगडी नाही, कुणाची मावशी नाही.

गोल जमला की पुढची पायरी म्हणजे इंग्रजी आठ. एका गोलातून दुसऱ्यात जाताना तिरकी गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झुलवायची, मध्ये सरळ होऊ द्यायची नाही. मला पहिला धड आठ काढायला सात आठवडे लागले.

आता गंमत बघा. लायसन्स काढतानाही मी आठच काढला होता. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, कोरड्या जमिनीवर. चार मिनिटांत काम झालं आणि सरकारने मला लोणावळ्याच्या घाटात, धुक्यात, पावसात, कुठेही गाडी न्यायची परवानगी दिली. ड्रायव्हिंग स्कूलच्या कागदावरच्या अभ्यासक्रमात ओला रस्ता आहे, टायर फुटला तर काय करायचं तेही आहे. पण मला शिकवणाऱ्यांनी त्यातलं काहीही हाताला लावून दाखवलं नाही, आणि दाखवायला त्यांच्याकडे जागाही नव्हती. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथल्या ड्रायव्हरला आयुष्यात पहिल्यांदा गाडी घसरते ती खऱ्या रस्त्यावर, घरच्यांना घेऊन जाताना. त्याची तालीम त्याने कुठे करायची?

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. पेशाने माझ्यासारखेच. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप होता, आणि बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायची अट घातली. पुढे ओरड झाल्यावर तो आदेश बदलला, पण मला तो निबंध विसरता येत नाही. गाडी या विषयावर शिक्षण म्हणून आपल्या व्यवस्थेला जे सुचतं ते एवढंच: एक संथ आठ आणि एक निबंध.

इथे कुणी म्हणेल, मग पोरांना सरळ घसरायचंच शिकवा की. त्यावरचा सगळ्यात दमदार आक्षेप मीच मांडतो. नॉर्वे, स्वीडनमध्ये लायसन्ससाठी घसरड्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. पण नॉर्वेत ऐंशीच्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा असं प्रशिक्षण घेतलेल्या तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढलेले दिसले. कारण? फाजील आत्मविश्वास. एका दिवसात दोन-चार वेळा गाडी सावरली की पोराला वाटतं, आपल्याला येतं. त्यानंतर तिकडच्या प्रशिक्षणाचा भर गाडी सावरण्यावरून धोका ओळखण्याकडे वळला.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि सिम्युलेटरच्या बाजूने यापेक्षा चांगला मुद्दा मला सुचत नाही. एका दिवसाच्या कोर्समध्ये तुम्ही चार वेळा जिंकता. सिम्युलेटरमध्ये 412 वेळा हरता. गेम माणसाला उन्मत्त करतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बसून बघावं. तासाभरात सगळा माज उतरतो. सिम्युलेटरने मला एकदा मरणाच्या दारातून वाचवलं अशी कुठलीही गोष्ट माझ्याकडे नाही. माझ्यात झालेला बदल अगदी रटाळ आहे: पावसात मी हळू चालवतो. पकड सुटल्यावर हातात किती वेळ उरतो ते मला आता माहीत आहे, आणि तेवढा वेळ मला शेकडो वेळा पुरलेला नाही.

दुसरा आक्षेप अण्णांचा. माझे वडील पंचवीस वर्षं टुरिस्टांना कार्ला, एकवीरा, लोहगडच्या पायथ्याला सुमोतून नेतायत. एका रविवारी मी म्हटलं, "अण्णा, बसा की एकदा." बसले. पहिल्याच वळणाला गाडी फिरली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. मग उठले आणि म्हणाले, "आरं, गाडी हाताला न्हाय कळत, बुडाला कळती. तुझ्या खुर्चीला बूडच न्हाय."

अण्णांचं बरोबर आहे. खरी गाडी घसरायला लागते तेव्हा सीटखालून आधी समजतं, डोळ्यांना नंतर. माझी खुर्ची हलत नाही. पोटात गोळा येत नाही. सिम्युलेटर टायरचं गणित सेकंदाला सुमारे 333 वेळा करतो, पण त्यात भीतीचं गणित नाही. म्हणून मी कधीच म्हणणार नाही की मला रस्त्यावर ड्रिफ्ट येतं. घरातली गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यात ड्रिफ्ट होतच नाही, नुसती हँडब्रेकची घसरगुंडी होते. आणि अण्णांची सुमो मागच्या चाकांवर चालत असली तरी इतकी उंच आहे की तिरकी व्हायच्या आधी आडवी होईल. हे दोन्ही मला गेममुळे कळलं. भावाला दोन्ही माहीत नव्हतं.

रिल्सवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद असतो: "जपानमध्येपण हे घाटातच सुरू झालं." खरं आहे. केइची त्सुचिया, ज्यांना जग ड्रिफ्ट किंग म्हणतं, ते घाटरस्त्यांवरच घडले. पण गोष्ट तिथेच थांबवू नका. रस्त्यावरच्या ड्रायव्हिंगच्या व्हिडिओपायी त्यांचं लायसन्स निलंबित झालं. पुढे त्यांनीच हातभार लावून डी1 ग्रां प्री ही स्पर्धा उभी केली आणि हा खेळ फुकुशिमातल्या एबिसूसारख्या ट्रॅकवर गेला. ज्याने घाटात सुरू केलं त्यानेच घाटातून बाहेर काढलं. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय.

आणि आपल्याकडे ट्रॅक कुठे आहेत? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला कारी, ग्रेटर नोएडाला बुद्ध. मावळातल्या पोराने मागच्या चाकांवर चालणारी गाडी, जास्तीचे टायर आणि ट्रॅकचं भाडं कुठून आणायचं? ज्या खेळात शिकण्याची किंमत टायरच्या जोडीत मोजतात, त्यात सेकंडहँड स्टीअरिंग ही गरिबाची एकमेव वाट आहे. तिला टाइमपास म्हणणाऱ्यांनी दुसरी वाट दाखवावी.

काकी, पोरगं गेममुळे बिघडलं नाही. त्याला शिकायचंच नव्हतं, दाखवायचं होतं. त्याने अभ्यास टाळून थेट रिझल्ट लावायचा प्रयत्न केला, आणि यात त्याचा एकट्याचा दोष नाही. चुकायला जागा आपण कुणालाच देत नाही. दहावीत चुकायचं नाही, इंटरव्ह्यूत चुकायचं नाही, पगार सुरू झाल्यावर तर नाहीच. मग पोरं चुकतात कुठे? टायगर पॉइंटला, मावशींच्या शेगडीसमोर.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी एक सिम्युलेटर घ्यावा आणि लायसन्सआधी प्रत्येकाला त्यावर ओल्या रस्त्यावर निदान शंभर वेळा घसरू द्यावं. आईबापांनी पोराच्या खोलीतलं स्टीअरिंग काढून घेण्याआधी त्याच्या हातातली गाडीची चावी काढून घ्यावी. आणि हे मोबाइलवर वाचणाऱ्या माझ्या मावळातल्या भावांनो, ड्रिफ्ट येतं म्हणता ना? माझ्या खोलीत या. सलग दहा आठ काढून दाखवा. मग घाटाबद्दल बोलू.

चुलतभाऊ सध्या रोज रात्री येतो. बंपरचे पैसे फिटेपर्यंत त्याला गाडीला हात लावायचा नाही, असं अण्णांनी ठरवलंय. परवा मी विचारलं, "आज किती वेळा फिरली?"

"मोजलं नाय दादा."

"मग उद्यापासून मोज," मी म्हटलं आणि त्याला वही दिली.